रविवार सोडून: लाइम रॉकच्या सोमवारच्या शर्यतीचं प्रकरण

अमेरिकेत मोटार शर्यत म्हटली की रविवार दुपार, हे गणित पक्कं आहे. इंडियानापोलिसची मोठी शर्यत रविवारी, शार्लटची रविवारी, बहुतेक स्पोर्ट्स कार शर्यतीही रविवारी. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम रॉक पार्क या ट्रॅकवर मात्र साठ वर्षांहून जास्त काळ रविवारी शर्यत नाही. तिथली नावाजलेली शर्यत सोमवारी व्हायची, आणि तीही कुठल्याही सोमवारी नाही, तर मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या, म्हणजे मेमोरियल डेच्या सुट्टीला. हा वार पडला कसा, त्यात कोणाचे कोणते निर्णय होते आणि कुठे वेगळा रस्ता धरता आला असता, याची ही नोंद.

ट्रॅकच्या आवाजाविरुद्ध न्यायालयात दावा लावणारे रहिवासी आणि त्यांचे वारस खासगी माणसं आहेत, म्हणून त्यांची नावं इथे घेतलेली नाहीत. बाकी सगळं उघड नोंदीतलं आहे.

## पार्श्वभूमी

कनेक्टिकटचा वायव्य कोपरा न्यूयॉर्कहून गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहे. इथल्या डोंगरांना सह्याद्री पाहिलेला माणूस टेकाडंच म्हणेल, पण झाडी दाट आणि दऱ्या हिरव्यागार. सॉल्सबरी हे इथलं टाऊन. तिकडे टाऊन म्हणजे एका प्रशासनाखालच्या चार-पाच वस्त्या. लाइम रॉक ही त्यातली एक छोटी वस्ती. आज ती शांत वाटते, पण एकोणिसाव्या शतकात इथे लोखंडाच्या भट्ट्या धडधडत होत्या आणि रेल्वेच्या डब्यांची चाकं ओतली जात होती. पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा बसला आणि मग शांतता आली. ‘पूर्वापार शांत गाव’ हा युक्तिवाद पुढे ऐकू येतो, तेव्हा हे लक्षात असलेलं बरं.

इथे व्हेल कुटुंबाच्या जमिनीत खडी-वाळूची खाण होती. त्यांच्यातल्या जिम व्हेल या तरुणाला मोटारींचा नाद. 1956 मध्ये त्याने तिथे शर्यतीचा रस्ता करायचं ठरवलं. आखणीच्या कामात जॉन फिच आला आणि कॉर्नेलच्या वैमानिकी प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांची मदतही मिळाली.

फिच साधा माणूस नव्हता. 1955 मध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत तो मर्सिडीझच्या संघात होता, पियेर लव्हेगचा जोडीदार. लव्हेगची पाळी संपली की त्याच गाडीत फिच बसणार होता. ती पाळी आलीच नाही. गाडी उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर रस्त्यावरची आणि ट्रॅकवरची सुरक्षा हा फिचचा ध्यास झाला. अमेरिकेतल्या हमरस्त्यांवर वळणाच्या तोंडाशी वाळूने भरलेली पिवळी पिंपं दिसतात, ती त्याचीच कल्पना. लाइम रॉकची आखणी ल माँच्या दुर्घटनेनंतर दोन वर्षांच्या आत झाली, हे आजही जागेवर दिसतं. तिथे प्रेक्षकांसाठी स्टँड नाहीत. लोक उतारावरच्या गवतावर सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. गाड्या खाली धावतात, माणसं वर असतात.

ट्रॅक जेमतेम दीड मैलाचा, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आत. मूळ आखणीत सात वळणं आणि त्यात डावं वळण एकच. शेवटी ‘डाउनहिल’ नावाचा उतार येतो. गाडी टेकाडावरून खाली येता येता उजवीकडे वळते, सस्पेन्शन दबतं आणि चालकाने तिथे पाय उचलला की पुढच्या अख्ख्या सरळ रस्त्यावर वेग कमी पडतो. ट्रॅक आखूड असल्यामुळे प्रेक्षकाला गाडी मिनिटाभरात पुन्हा दिसते. शेजाऱ्याला ती मिनिटाभरात पुन्हा ऐकू येते.

पहिली शर्यत झाली 28 एप्रिल 1957 ला. त्या दिवशी रविवार होता.

## प्रश्न नेमका काय होता

आपल्याकडे पुंगळी काढलेली एक बुलेट गल्लीतून गेली तरी खिडकीतून दोन डोकी बाहेर येतात. इथे सायलेन्सर नसलेल्या वीस-तीस शर्यतीच्या गाड्या दिवसभर एकाच दरीत फिरत होत्या. प्रेक्षकांसाठी जी बशीसारखी जागा सोयीची, तीच आवाज धरून ठेवायलाही सोयीची. ट्रिनिटी चर्च ट्रॅकपासून हाकेच्या अंतरावर आहे. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना आणि इकडे इंजिनं तापवणं.

जवळच्या रहिवाशांची समिती उभी राहिली आणि 1958 मध्ये दावा दाखल झाला. मागणी कायद्याच्या भाषेत उपद्रव थांबवण्याची होती. ट्रॅक बेकायदा आहे किंवा शर्यत हा गुन्हा आहे, असं कोणी म्हणत नव्हतं. वाद एवढाच होता की एकाने स्वतःच्या जमिनीवर केलेल्या धंद्याचा आवाज दुसऱ्याच्या अंगणात किती जावा.

1959 च्या मे महिन्यात न्यायालयाने कायमचा मनाईहुकूम दिला. त्यातली हुशारी मला आजही दाद देण्यासारखी वाटते. न्यायालयाने आवाज मोजला नाही, दिवस मोजले. रविवारी ट्रॅकवर शर्यतीच्या गाड्यांची हालचाल बंद. सायलेन्सर नसलेल्या गाड्यांना आठवड्यातली एक ठरावीक दुपार, हंगामातले मोजके शनिवार आणि सुट्टीचे ठरावीक दिवस, म्हणजे मेमोरियल डे, 4 जुलैचा स्वातंत्र्यदिन आणि सप्टेंबरातला लेबर डे. सायलेन्सर लावलेल्या गाड्यांना कामाच्या दिवशी बरीच मोकळीक. त्याच सुमारास टाऊनच्या जमीनवापराच्या नियमांतही रविवारच्या शर्यतीला मनाई आली.

दिवस मोजून आवाजाला परवानगी द्यायची ही पद्धत मराठी वाचकाला अनोळखी नाही. ध्वनिक्षेपक रात्री 10 ला बंद, आणि राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंत सूट देता येते. गणपतीतल्या किती दिवसांना ती मिळणार, यावर मंडळांच्या बैठका झडतात. लाइम रॉकची यादी त्याच जातकुळीतली, फक्त चाळीसेक वर्षं आधीची.

## समोरचे पर्याय

हुकूम हातात पडला तेव्हा ट्रॅक उघडून दोन वर्षं झाली होती. कागदावर चार वाटा होत्या.

पहिली, सगळ्या गाड्यांना सायलेन्सर सक्तीचे करायचे आणि मग रविवार परत मागायचा. 1959 मध्ये हे व्यवहार्य नव्हतं. स्पर्धेचे नियम शर्यत भरवणाऱ्या संस्थांच्या हातात, ट्रॅकच्या नव्हे; आणि एकाच ट्रॅकसाठी कोणी आपल्या गाडीची ताकद कमी करून येणार नाही. दुसरी, जागा विकून दुसरीकडे जायचं. पण डांबर, टेकाडं आणि ती आखणी उचलून नेता येत नाही. तिसरी, न्यायालयात लढत राहायचं. ही वाट काही प्रमाणात चोखाळली गेली. 1960 च्या दशकात हुकुमात दुरुस्त्या झाल्या, वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोचला. रविवार जागचा हलला नाही.

चौथी वाट होती मिळालेले दिवस नीट वापरायची. यादीतल्या सुट्ट्यांच्या तीन दिवसांकडे ‘एवढेच?’ म्हणून पाहायचं की ‘हे तर आपलेच’ म्हणून, यावर पुढचं सगळं ठरलं.

## काय केलं

आधी शनिवार वापरून पाहिला. हुकूम आला त्याच उन्हाळ्यात, शनिवार 25 जुलै 1959 ला, लाइम रॉकने ‘फॉर्म्युला लिब्र’ शर्यत भरवली. कुठल्याही जातीची गाडी आणा, असा तिचा नियम. मेसराटीच्या ग्रां प्री गाडीपासून ॲस्टन मार्टिनच्या स्पोर्ट्स कारपर्यंत युरोपातली नावाजलेली यंत्रं आली. त्यांच्यात रॉजर वॉर्ड उतरला तो ऑफेनहाउझर इंजिनाची मिजेट घेऊन. मिजेट म्हणजे जत्रेतल्या मातीच्या गोल ट्रॅकवर फिरणारी बुटकी गाडी. वॉर्डने त्याच वर्षी मे महिन्यात इंडियानापोलिस 500 ही देशातली सगळ्यात नावाजलेली शर्यत जिंकली होती, तरी या गाडीकडे पाहून लोक हसलेच असणार. तो जिंकला. ट्रॅक आखूड, वळणं एकापाठोपाठ, त्यात हलकी गाडी आणि मागचं टोक फिरवत वळण काढायची सवय असलेला चालक; युरोपच्या गाड्यांना दम घ्यायला लांब रस्ताच मिळाला नाही. रविवार गेल्यावर दोन-अडीच महिन्यांत ट्रॅकला स्वतःची दंतकथा मिळाली, तीही शनिवारी.

मग मेमोरियल डे. या दिवसाची एक अडचण होती, आणि ती आज कोणाच्या लक्षात येत नाही. 1970 पर्यंत हा दिवस 30 मे ला पाळत, वार कोणताही असो. ट्रान्स-ॲम या, रस्त्यावरच्या मोटारींवरून बनवलेल्या गाड्यांच्या मालिकेची शर्यत लाइम रॉकला 1967, 1968 आणि 1969 अशी सलग तीन वर्षं 30 मे ला झाली. वार आले मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार. मंगळवारच्या सुट्टीला न्यूयॉर्कहून येणाऱ्या माणसाने सोमवारी कामावर जायचं, मंगळवारी शर्यत पाहायची आणि बुधवारी पुन्हा कामावर. संघांचंही तसंच. सुट्टी हाताशी होती, पण जोडून नव्हती.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. इंडियानापोलिस 500 सुद्धा 30 मे ला.

1969 ची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. त्या वर्षी फोर्ड मस्टँग आणि शेव्हरोले कमॅरो यांच्यात ट्रान्स-ॲमची जुंपली होती. 1967 ला लाइम रॉक जिंकलेला पीटर रेव्हसन आणि 1968 ला जिंकलेला मार्क डोनह्यू, दोघेही 30 मे 1969 ला इंडियानापोलिसला होते. दोघांचीही ती तिथली पहिली शर्यत; रेव्हसन पाचवा आला, डोनह्यू सातवा. लाइम रॉकला शेल्बीच्या संघाची मस्टँग रेव्हसनच्या जागी कोणी चालवायची? संघाने सॅम पोझीला बसवलं. पोझी शेजारच्या शॅरन गावचा, या ट्रॅकवरच शिकलेला. बदली म्हणून बसला आणि शर्यत जिंकून गेला. आज मुख्य सरळ रस्त्याला त्याचंच नाव आहे.

गावकऱ्याच्या विजयाची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते. मला तिच्यात वेळापत्रकाचा दोषही दिसतो. गेल्या दोन वर्षांचे दोन्ही विजेते एकाच दिवशी दुसरीकडे असतील, तर त्या तारखेवर मोठी शर्यत उभी राहायला कठीण.

ही गाठ लाइम रॉकने सोडवली नाही. ती वॉशिंग्टनमध्ये सुटली, भलत्याच कारणाने. 1968 मध्ये संसदेने सुट्ट्या सोमवारी आणणारा कायदा केला, 1971 पासून तो लागू झाला. लोकांना जोडून सुट्टी मिळावी, प्रवास व्हावा, खरेदी व्हावी, हा हेतू. मेमोरियल डे 30 मे वरून मेच्या शेवटच्या सोमवारी गेला. (याच कायद्याने माजी सैनिकांचा दिवसही ऑक्टोबरातल्या सोमवारी ढकलला होता. लोकांना ते रुचलं नाही आणि 1978 पासून तो परत 11 नोव्हेंबरला आला. मेमोरियल डे मात्र सोमवारी रुळला.) 1974 पासून इंडियानापोलिस 500 आदल्या रविवारी व्हायला लागली.

आता चित्र बघा. शनिवारी परवानगी, रविवारी सक्तीची शांतता आणि त्याच रविवारी सगळ्या शर्यतवेड्यांचं लक्ष इंडियानापोलिसकडे. सोमवारी सुट्टी, परवानगी आणि देशात दुसरी मोठी शर्यत नाही. जो वार शिक्षा म्हणून हातातून गेला, त्या वारी शर्यत ठेवली असती तरी प्रेक्षक टीव्हीसमोर बसले असते. 1959 च्या यादीतल्या एका ओळीला 1971 नंतर वेगळीच किंमत आली.

## परिणाम

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ‘इम्सा’ या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची स्पोर्ट्स कार मालिका मेमोरियल डेच्या सोमवारी लाइम रॉकला येत राहिली. शनिवारी पात्रता फेऱ्या आणि छोट्या शर्यती, रविवारी काही नाही, सोमवारी मुख्य शर्यत. संघांना एका जादा रात्रीचा हॉटेलचा खर्च पडायचा, हे खरं. पण शनिवारी भिंतीला घासलेली गाडी दुरुस्त करायला मेकॅनिकला पूर्ण दिवस मिळायचा. ही चैन बाकी कुठल्याच ट्रॅकवर नव्हती.

या काळातला सगळ्यात वेडा आकडा 1993 चा. पी. जे. जोन्सने टोयोटाच्या ईगल मार्क 3 गाडीत अख्खा ट्रॅक 43.112 सेकंदांत पुरा केला. सरासरी ताशी 205 किलोमीटरच्या घरात. एवढ्या वेळात आपल्याकडे सिग्नल हिरवा होऊन पुढचा रिक्षावाला गिअर टाकतो. आखूड रस्त्यावर त्या गाड्या जणू गवतावर बसलेल्या लोकांभोवती गोफणीसारख्या फिरत होत्या.

मेमोरियल डेचं यश इतर सुट्ट्यांवरही पसरलं. 1980 च्या दशकात लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी धरून, जुन्या गाड्यांचा महोत्सव सुरू झाला. आधी गाड्या रस्त्यावरून आसपासच्या गावांतून मिरवत जातात, शनिवारी शर्यती, सोमवारी पुन्हा शर्यती. मधल्या रविवारी जे होतं, ते या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर उत्तर. जुन्या गाड्या ट्रॅकवर ओळीने उभ्या करतात. इंजिनं बंद. जिथे आदल्या दिवशी दोनशेच्या वेगाने गाड्या गेल्या, त्या डांबरावरून लोक लेकरांचा हात धरून चालतात. मालक फडक्याने बॉनेट पुसत उभा असतो, बॉनेट उघडून कोणाला तरी कार्ब्युरेटर दाखवतो. डाउनहिलचा उतार पायी चढून बघा, मग कळतं की टीव्हीवर तो सपाट का दिसतो. मनाईहुकुमाचा शब्दही मोडला नाही आणि तिकीटही विकलं गेलं.

‘अमेरिकन ल माँ’ मालिका 2004 मध्ये आली तेव्हाही हेच कॅलेंडर कामी आलं. त्या वर्षी 4 जुलै नेमकी रविवारी. शर्यत झाली सोमवारी, 5 जुलैला. 2005 ला 4 जुलै सोमवारीच होती. त्यानंतर मात्र ही मालिका आपल्या बाकीच्या वेळापत्रकाला सोयीच्या शनिवारी सरकली, आणि पुढे इम्साची मोठी शर्यतही जुलैतल्या शनिवारी होऊ लागली. मेमोरियल डेच्या जोडसुट्टीला अलीकडच्या वर्षांत पुन्हा ट्रान्स-ॲम आली, 1967 ला जिथून सुरुवात झाली तिथेच.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर ट्रॅक तगला तो केवळ सुट्ट्यांवर नव्हे. सायलेन्सरवाल्या गाड्यांना कामाच्या दिवशी जी मोकळीक होती, तिच्यावर ड्रायव्हिंग स्कूल उभं राहिलं. स्वतः शर्यतपटू असलेल्या स्किप बार्बरने 1980 च्या दशकात ट्रॅक घेतला आणि त्याच्या शाळेतून कितीतरी चालक घडले. पॉल न्यूमन हा सिनेमातला तारा इथेच सराव करायचा. 1986 मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, त्याने इथली ट्रान्स-ॲम शर्यत जिंकली.

## दुसऱ्यांदा तोच वाद

इथे गोष्ट संपली असती तर प्रकरण गोड झालं असतं.

2015 मध्ये सॉल्सबरीच्या नियोजन आयोगाने आपले नियम बदलले आणि जुन्या मनाईहुकुमातली बंधनं थेट नियमांत घेतली. ट्रॅकची मालक कंपनी याविरुद्ध न्यायालयात गेली. तिचं म्हणणं थोडक्यात असं की मोटार शर्यतींबाबत राज्याचा स्वतःचा कायदा आहे, त्याहून कडक बंदी टाऊनला घालता येत नाही. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रविवारी शर्यत बंद ठेवण्याचा टाऊनचा अधिकार मान्य केला.

आयोगाने हे का केलं असेल, ते समजायला मनाईहुकुमाचं स्वरूप पाहावं लागतं. मनाईहुकूम हा दाव्यातल्या पक्षांमधला असतो. उद्या ट्रॅक आणि वादींचे वारस एकत्र बसले, समजुतीने अर्ज दिला, तर त्यात बदल होऊ शकतो आणि बाकीचं गाव बघत राहतं. नियमात गेलेली बंदी गावाची होते. ती बदलायची तर जाहीर सुनावणी, सूचना, मतदान. म्हणजे 2015 ची खरी लढाई रविवारपेक्षा रविवारची किल्ली कोणाच्या खिशात, याची होती.

## वेगळं काय करता आलं असतं

1957 चा निर्णय सगळ्यात स्वस्तात सुधारता आला असता. पहिली शर्यत शनिवारी ठेवायला काही खर्च नव्हता. चर्च तिथेच होतं, ट्रॅकच्या आधीपासून. डांबर टाकण्याआधी शेजाऱ्यांशी बसून ‘अमुक इतके दिवस, अमुक वेळात’ असा कागद केला असता, तर न्यायालयाने दिली त्याहून सैल यादी पदरात पडली असती असं मला वाटतं. गाड्यांचा आवाज एकदा ऐकलेल्या माणसाशी बोलणी करणं अवघड. तो मग दिवस मोजत नाही, सगळंच बंद करा म्हणतो. एका गोष्टीचं नवल वाटतं. फिचसारखा माणूस आखणीत होता, ज्याने ट्रॅकच्या आतल्या आणि काठावरच्या प्रत्येक माणसाच्या जिवाचा विचार केला. कुंपणापलीकडच्या माणसाच्या कानाचा विचार त्यात आला नाही. त्या काळी तो कोणीच करत नव्हतं, हेही खरं.

1959 नंतर ट्रॅकने मिळालेल्या दिवसांभोवती हंगाम बांधला, तो निर्णय मला बरोबर वाटतो. त्यात नशिबाचा वाटा मोठा आहे, हे मात्र नाकारता येत नाही. 1968 चा सुट्ट्यांचा कायदा झाला नसता तर सोमवारची शर्यत उभीच राहिली नसती. 30 मे कधी बुधवारी, कधी थेट रविवारी येत राहिली असती. दुसऱ्या कोणी या उदाहरणावरून ‘बंधन आलं की संधी येते’ असं काही शिकायला जाऊ नये. संसद दरवेळी मदतीला येत नाही.

2015 बद्दल माझं मत ट्रॅकला फारसं अनुकूल नाही. शर्यतीच्या ट्रॅकशेजारी घर घेणाऱ्याला ‘तुला माहीत होतं ना’ हा टोमणा जगभर ऐकवतात. इथे तो उलटतो. 1959 नंतर इथे घर घेतलेल्या माणसालाही माहीत होतं, की रविवारी आवाज नसतो, न्यायालयाचा हुकूम आहे. पंचावन्न वर्षांत ती शांतता घराच्या किमतीत मुरली होती. ती काढून घ्यायची तर बदल्यात काहीतरी ठोस द्यायला हवं होतं. समजा, सायलेन्सर नसलेल्या गाड्यांचे काही शनिवार सोडून त्याऐवजी सायलेन्सर लावलेल्या गाड्यांच्या दोन-तीन रविवार दुपारी. 1959 ला जे तंत्राने जमत नव्हतं ते आता जमतं. अशा देवघेवीने सुरुवात झाली असती तर निदान बोलणी गावाच्या सभागृहात राहिली असती, पाच वर्षं वकिलांच्या बिलांत गेली नसती.

रहिवाशांच्या बाजूलाही एक चूक दिसते. 1959 चा विजय त्यांनी दाव्याच्या कागदात ठेवला आणि सविस्तर नियमांत आणायला 2015 उजाडलं. मधल्या काळात सगळं परस्पर सौजन्यावर चाललं. चाललं, कारण स्किप बार्बरसारखा गावात मुरलेला मालक होता.

2021 मध्ये ट्रॅक नव्या मालकांकडे गेला. 28 जून 2025 ला नास्कार या शर्यती भरवणाऱ्या संस्थेची पिकअप ट्रकची मालिका इथे पहिल्यांदा धावली. ट्रक तसेही शुक्रवारी-शनिवारी धावतात, म्हणून त्यांना जागा मिळाली; नास्कारची वरची कप मालिका मुख्यतः रविवारची, तिला या दरीत यायचं तर मोजक्या शनिवारांतला एक मागून घ्यावा लागेल, किंवा एखादा सोमवार.